बिलोकुरची फुलं सावकाश बघ

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

आर्ट कॉलेजच्या यादीत नाव लागलं नाही, आता रंगांचा डबा माळ्यावर टाकतो, असं तू लिहिलंस. समजूत घालायचं काम घरचे करतीलच. तू कातेरिना बिलोकुरची चित्रं शोधून बघ.

जन्म १९०० चा, युक्रेनमधल्या बोहदानिव्का गावातला. घर शेतकऱ्याचं. शाळेत घातलंच नाही. वाचायला ती स्वतःच शिकली. मुलीच्या जातीला चित्रं कशाला, म्हणून घरातून विरोध. मिरहोरोदच्या कलाशाळेत शालेय शिक्षणाचा दाखला नाही म्हणून प्रवेश मिळाला नाही. १९३४ मध्ये ती जीव द्यायला नदीत उतरली, तेव्हा कुठे वडील नमले. तिच्याबद्दल लिहिणारे इथे फार रेंगाळतात. मला ते पटत नाही. त्या गार पाण्यानं तिचे पाय जन्माचे दुखावले. चित्रकलेत काही भर पडली नाही.

रेंगाळायचंच तर तिच्या कामापाशी रेंगाळ. मांजराच्या शेपटीचे सारख्या लांबीचे केस निवडून ती कुंचले बांधायची. सुरुवातीला बीट, कांदा, रानफळं यांचे रंग, पुढे तैलरंग. आधी कच्चं रेखाटन नाही. एक फूल पुरं करायचं, मग त्याच्या शेजारी दुसरं. आणि फूल तोडायचं नाही, ते जिथे उमललंय तिथे जाऊन बघायचं. त्यामुळे वसंतातल्या फुलाशेजारची जागा शरदातल्या फुलासाठी महिनोन्‌महिने रिकामी राहायची. म्हणूनच तिच्या कॅनव्हासवर एरवी कधीच न भेटणारी फुलं दाटीनं एकत्र दिसतात. तिला लोककलेतली सजावटकार म्हणतात, ते ठीक. पण गावाकडच्या भिंतींवरचा सपाट वेलबुट्टा इथे नाही. गडद पार्श्वभूमीवर एकेका पाकळीची कड, तिच्यावरचा उजेड वेगळा काढलेला आहे. मोबाइलवर मोठं करून बघ, कंटाळा येईपर्यंत.

हे सगळं लोकांपुढे आलं तेव्हा ती चाळिशीला टेकली होती. १९४० मध्ये रेडिओवर ओक्साना पेत्रुसेन्कोचं गाणं ऐकून तिनं त्या गायिकेला कीवला पत्र धाडलं, सोबत एक चित्र. पेत्रुसेन्कोनं ते जाणकारांना दाखवलं आणि त्याच वर्षी पोल्ताव्यात प्रदर्शन भरलं. तेव्हा, चार अनोळखी माणसांना आपलं काम पाठवायला लाजू नकोस. उत्तर एखाद्याचंच येईल.

आता तुझं काम. अंगणातली जास्वंद घे. फोटो काढून त्यावरून रंगवायचं नाही, फूल खुडायचंही नाही. ते संध्याकाळपर्यंत मिटणार; दुसऱ्या दिवशी नवं फूल बघून तेच चित्र पुढे न्यायचं. पाकळीला शिरा किती, देठाशी लाल कसा काळवंडतो, हे आधी बघ, मग कुंचला उचल. पार्श्वभूमी इतक्यात भरू नकोस. पहिलं फूल झालं की तेवढंच पाठव, बाकी कागद कोरा असला तरी चालेल.