सतनाम सिंग एनबीएत (अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग) निवडला गेला, मग टिकला का नाही? उंच पोराला बास्केटबॉलला घालावं का?

पुतण्या तेराव्या वर्षीच पाच फूट अकरा आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणून उत्तर देतोय. नुसत्या सतनामवर बोलायला बाकीचे आहेत.

त्याचं थोडक्यात सांगतो. पंजाबातल्या बल्लो के गावचा, सात फूट दोन इंच. लुधियानाच्या अकादमीत तयार झाला, चौदाव्या वर्षी इंग्रजीचा गंध नसताना शिष्यवृत्तीवर फ्लोरिडाला गेला. २०१५ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीएचे संघ नवे खेळाडू निवडतात तेव्हा, डॅलस मॅव्हरिक्स संघानं त्याला ५२ व्या क्रमांकावर घेतलं. भारतात जन्मलेला असा पहिलाच. पण ५२ वा म्हणजे दुसरी फेरी, आणि दुसऱ्या फेरीतल्या खेळाडूला कराराची हमी नसते, हे इथं पेढे वाटणाऱ्यांना कुठं माहीत होतं? एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. मॅव्हरिक्सच्याच खालच्या लीगमधल्या संघाकडे, टेक्सास लेजंड्सकडे, दोन हंगाम काढले, तेही बहुतेक बाकावर बसून. नंतर थोडं कॅनडात खेळला.

माझ्या मते घात केला तो काळानं. त्याच जूनमध्ये गोल्डन स्टेट हा संघ एनबीएच्या अंतिम मालिकेत १-२ नं मागे होता. त्यांनी सात फुटी बोगटला बसवून त्याच्यापेक्षा बुटक्या इगुडालाला सुरुवातीला उतरवलं आणि पुढचे तिन्ही सामने जिंकले. त्यानंतर नऊच दिवसांनी सतनामचा ड्राफ्ट! रिंगखाली उभं राहणाऱ्या उंच गड्याची सद्दी संपत असताना हा नेमका तेवढंच शिकून आला होता.

हे मला का झोंबतं ते सांगतो. मी सांगलीचा, सहा फूट तीन इंच. आजोबा म्हणायचे, "हिंदकेसरी मारुती मानेंच्या जिल्ह्यात जन्मून पोरगं जाळीत चेंडू टाकतंय." तालीम चुकवून मी ग्राउंडवर जायचो, तर तिथं सर दुसरंच सांगायचे: "तू बोर्डाखाली थांब. रिबाउंड घे, गार्डला दे, बास." म्हणजे हुकून परत आलेला बॉल पकडायचा आणि बॉल पुढे नेणाऱ्या गड्याला द्यायचा. बुटकी पोरं विटा मांडून त्यांच्यामधून ड्रिबल करायची, म्हणजे बॉल आपटत न्यायची. आम्हा उंच पोरांना विटांजवळ फिरकू द्यायचे नाहीत. म्हणे वेळ वाया जातो.

मग कोल्हापूरला विभागीय सामना. समोरच्यांनी पूर्ण कोर्टभर प्रेस लावला, म्हणजे जागोजागी अंगावर येऊन अडवायला लागले, आणि आमचा गार्ड पाच फाउल होऊन बाहेर गेला. बॉल वर न्यायला माणूसच उरला नाही. आठ सेकंदांत कोर्टाची मधली लाइन ओलांडायची असते, आणि माझ्या हातात बॉल. माझ्या कमरेएवढा एक पोरगा गुडघ्याखालून हात घालून बॉल घेऊन गेला. पुढच्या वेळी पुन्हा तेच. बाहेरून सर ओरडले, "एवढा उंच असून?" येताना एसटीत जयसिंगपूर येईपर्यंत एकच विषय, याची उंची फुकट गेली. अहो, उंची फुकट गेली नाही, तुम्ही ती खांबासारखी रोवून ठेवली! त्या माणसाला मी हे आजही तोंडावर सांगायला तयार आहे.

तर पुतण्याला घाला, पण आधी कोचला विचारा की उंच पोरांकडून रोज ड्रिबल, पास आणि बाहेरून शॉट करून घेता का. तो हसला तर दुसरं ग्राउंड बघा. नुसत्या खेळाच्या वाढीव गुणांसाठी घालत असाल तर मात्र पोराचे गुडघे झिजवू नका.

एक राहिलं. सगळा दोष कोचिंगचा नाही. सतनामवर २०२० मध्ये डोपिंगसाठी दोन वर्षांची बंदी आली, अर्थात एनबीएचं दार त्याआधीच मिटलं होतं. पुढे तो अमेरिकेत टीव्हीवरच्या कुस्तीत उतरला. ती ठरवून केलेली कुस्ती, आपल्या मैदानातली नव्हे. आजोबा असते तर तरीही म्हणाले असते, "बघ, आला की नाही शेवटी तालमीत?"

आणि पोटाचं म्हणाल तर आपल्याकडे प्रो लीगवर संसार चालत नाही. यूबीए नावाची बास्केटबॉल लीग २०१५ ला सुरू झाली आणि दोन-तीन वर्षांत थांबली. चांगले खेळाडू रेल्वे, ओएनजीसी, सेनादल, पोलीस इथल्या नोकऱ्यांवरच जगतात. त्या भरतीला पदवी लागते का, कोणत्या स्तरावरचं प्रमाणपत्र चालतं, हे आत्तापासून बघून ठेवा. वहिनींना पटवायला तेच कामी येईल.