ऑपरेशननंतरचं दुसरं वर्ष

वजन कमी करण्याचं ऑपरेशन करावं की नाही, हे विचारणारे नेहमीच असतात. या वेळी आलेले बहुतेक प्रश्न मात्र ऑपरेशन होऊन गेलेल्यांचे आहेत. आहारतज्ज्ञ म्हणून माझा सगळ्यात जास्त वेळ याच मंडळींबरोबर जातो, म्हणून हा पूर्ण लेख त्यांच्यासाठी. बाकीच्यांसाठी एवढंच सांगते : ‘स्लीव्ह’मध्ये जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग काढून टाकतात आणि एक अरुंद नळी ठेवतात, ‘बायपास’मध्ये जठराच्या वरच्या टोकाची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात.

प्रश्न : माझं वय ३८. स्लीव्ह होऊन पाच आठवडे झाले. पहिल्या तीन आठवड्यांत ९ किलो उतरले, आणि आता बारा दिवस काटा जागचा हलत नाही. रोज सकाळ-संध्याकाळ वजन करते. जेवण आणखी कमी करू का? (नाशिक)

उत्तर : अजिबात नको. तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात काटा थांबणं इतकं नेहमीचं आहे की तो थांबला नाही तर मला नवल वाटतं. आपलं यकृत आणि स्नायू ग्लायकोजेन नावाची साखर साठवून ठेवतात, आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं. ऑपरेशननंतर खाणं एकदम घटलं की हा साठा संपतो आणि पाणी निघून जातं. तुमच्या ९ किलोंमध्ये चरबीबरोबर हे पाणीही होतं. आता तुम्ही पातळ पदार्थांवरून मऊ जेवणावर आला आहात, शरीर साठा पुन्हा भरतंय, पाणी परत येतंय. चरबी कमी होतेच आहे, पण काट्यावर ती दिसत नाही.

आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी, सकाळी वजन करा. महिन्यातून एकदा कमरेचं माप घ्या. जेवण कमी केलंत तर स्नायू झिजतील, आणि तेच स्नायू पुढे तुम्हाला हवे आहेत.

प्रश्न : वय ४५, किराणा दुकान आहे. बायपासला चौदा महिने झाले. १३२ किलोंवरून ९१ वर आलो. गेले तीन महिने काहीच उतरलं नाही, उलट ३ किलो वाढले. भूक परत लागायला लागली आहे. पहिल्या वर्षी पहाटे उठून रंकाळ्याला चक्कर मारायचो, आता उठवतच नाही. मला ७५ किलोंवर यायचंय. आधीचा उत्साह परत कसा आणू? (कोल्हापूर)

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण या एका पत्रात दुसऱ्या वर्षाचं सगळं दुखणं आलं आहे.

आधी हिशेब करू. १३२ मधून ४१ किलो गेले, म्हणजे मूळ वजनाच्या ३१ टक्के. बायपासकडून जेवढी अपेक्षा असते तेवढं झालं आहे. बहुतेकांचं वजन बारा ते अठरा महिन्यांत सगळ्यात खाली येतं, तिथे स्थिरावतं आणि नंतर थोडं वर सरकतं. ९१ किलोंच्या शरीराला १३२ किलोंच्या शरीराएवढं इंधन लागत नाही, म्हणून ज्या जेवणावर आधी वजन उतरत होतं त्याच जेवणावर ते आता टिकून राहतं. भूक मंदावणाऱ्या आतड्यातल्या संप्रेरकांचा जोर पहिल्या वर्षात सगळ्यात जास्त जाणवतो. पुढे भूक परत येते. ती आली म्हणजे ऑपरेशन फसलं किंवा तुमची जिद्द कमी पडली, असं नाही.

आता उत्साहाबद्दल. पहिल्या वर्षी दर आठवड्याला काटा तुम्हाला शाबासकी देत होता. गिऱ्हाईक म्हणत होतं, ‘शेठ, किती उतरलाय!’ शर्ट सैल होत होते. अशा दिवसांत पहाटे कुणालाही उठवतं. आता काटा गप्प आहे आणि लोकांना तुमच्या नव्या रूपाची सवय झाली आहे. तो उत्साह परत आणायच्या मागे लागू नका, कारण तो ज्यावर उभा होता ते आता नाही. त्याच्या जागी अशी व्यवस्था हवी की उत्साह नसतानाही काम होईल. पहाटे जमत नसेल तर दुकान उघडण्याआधी वीस मिनिटं आणि रात्री शटर ओढल्यावर वीस मिनिटं चाला. एकटे जाऊ नका; शेजारचा दुकानदार, मुलगा, कुणीही, पण रोज तुमची वाट बघणारं कुणीतरी असू द्या. आठवड्यातून दोनदा खुर्चीवरून हात न टेकता उठा-बसा, भिंतीला हात लावून जोर, हातात पाण्याच्या बाटल्या घेऊन व्यायाम करा. नुसत्या चालण्यानं स्नायू राखले जात नाहीत.

आणि मोजायला दुसरं काहीतरी घ्या. मधुमेह असेल तर एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) किती आला, रक्तदाबाच्या किती गोळ्या सुटल्या, जोतिबाच्या पायऱ्या किती वेळा थांबून चढलात. १३२ किलोंना त्या चढता येत होत्या का?

तुम्ही दुकानात बसता हे वाचून मी एका गोष्टीकडे लगेच वळते. बायपासची छोटी पिशवी भाकरी-आमटीला अडवते. अर्ध्या भाकरीत पोट भरतं. शेव, चिवडा, बिस्किटं, फरसाण यांना ती अडवत नाही, कारण चावून त्यांचा भुगा होतो, चहाबरोबर तो खाली सरकतो आणि पोट भरल्याचं कळतच नाही. दिवसभरात सहा कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे साखरेच्याच सुमारे २४० कॅलरी झाल्या. त्यात दूध धरलेलंच नाही. तीन दिवस जे तोंडात जाईल ते कागदावर लिहा, गल्ल्याशेजारी उचललेले चार दाणेसुद्धा. कुणाला दाखवू नका. लिहिल्यावर कुठे हात घालायचा ते तुम्हालाच दिसेल.

राहिला ७५ चा आकडा. तो उंचीच्या तक्त्यातला असावा असं वाटतं. माझं स्पष्ट मत आहे की तो आकडा सोडून द्या. १३२ वरून आलेल्या माणसानं वर्षानुवर्षं ९० च्या आसपास राहणं ही मोठी गोष्ट आहे. ३ किलो वाढले म्हणून घाबरू नका, पण ५ किलोंवर गेले तर त्याच आठवड्यात सर्जनला फोन करा.

प्रश्न : मी ५२ वर्षांची, पूर्ण शाकाहारी. स्लीव्हला सात महिने झाले. रोज ६० ग्रॅम प्रथिनं घ्या म्हणून सांगितलंय, पण कुठून आणू? पोळी खाल्ली की अडकते, कधी उलटी होते. सोमवार, चतुर्थी, एकादशी धरते. सगळीकडे आग्रह होतो आणि पानात टाकायची सवय नाही. (डोंबिवली)

उत्तर : ताई, ६० ग्रॅम जमतात, फक्त ताटातला क्रम उलटा करावा लागतो. आपल्याकडे पोळी-भात हे जेवण आणि वरण-उसळ त्याला लावायला. तुमच्या ताटात उसळ आणि पनीर आधी संपलं पाहिजे, जागा उरली तर पोळीचा चतकोर. पातळ वरणात डाळ थोडी आणि पाणी फार. वरण घट्ट करा आणि वाटीतून चमच्यानं खा.

एक दिवस असा मांडता येईल. सकाळी ३० ग्रॅम मूगडाळ भिजवून त्याचं धिरडं, त्यात सुमारे ७ ग्रॅम. सोबत ५० ग्रॅम पनीरची भुर्जी, ९ ग्रॅम. दुपारी २५ ग्रॅम सोयाबीन वड्या भिजवून, पिळून, बारीक करून रश्शात, १३ ग्रॅम. दिवसभरात मोठा कप दूध आणि वाटीभर दही मिळून ९-१० ग्रॅम. चार वाजता प्रथिन पावडरचा एक चमचा, म्हणजे डब्यातला मोठा स्कूप. डब्यावर बघा, बहुतेक पावडरींत चमच्यामागे २० ते २४ ग्रॅम असतात. साठच्या घरात पोचलात. पावडर घ्यायला पुष्कळ बायकांना संकोच वाटतो, जणू ते तालमीतल्या मुलांचं खाणं. तसं अजिबात नाही; इतक्या छोट्या जठरात शाकाहारी जेवणातून सगळी प्रथिनं बसवणं कठीण असतं आणि ती पावडर तुमच्यासाठीच आहे.

पोळी अडकते कारण नीट न चावलेला घास ओला होऊन पिठाचा गोळा बनतो. घास नखाएवढा घ्या, चावून चावून त्याची पेज होऊ द्या, जेवणाला वीस मिनिटं द्या. जेवताना पाणी किंवा ताक नको. आपल्याकडे ताक पीत पीत जेवायची पद्धत आहे. तुम्ही ते जेवणानंतर अर्ध्या तासानं घ्या. एवढं करूनही उलटी होत राहिली, दोन-तीन दिवस पोटात काही टिकलं नाही, तर घरी वाट बघत बसू नका. सततच्या उलट्यांनी बी१ जीवनसत्त्व संपतं आणि त्याचा परिणाम थेट मेंदूवर आणि नसांवर होतो.

उपवास. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. खिचडीत जी काही प्रथिनं असतात ती दाण्यांच्या कुटाची. निदान पहिली दोन वर्षं तुम्ही उपवास सोडावेत असं मला वाटतं. आजारी माणसाला उपवासातून मोकळीक आपल्याकडे पहिल्यापासून आहे. मन मानत नसेल तर एकादशीला दूध, दही, पनीर, राजगिरा आणि थोडी दाण्याची आमटी यांवर दिवस काढा. पावडर त्या दिवशीही घ्या.

आग्रहावर मला एकच उपाय चालताना दिसतो : वाढणाऱ्याला आधी सांगणं. पान मांडण्याआधी स्वयंपाकघरात जाऊन म्हणा, ‘माझ्या पानात मी वाढून घेते, पोटाचं ऑपरेशन झालंय.’ एकदा पानात पडलं की तुम्हाला ते टाकवत नाही, म्हणून पडू द्यायचंच नाही. मोदक एक घ्या, तोही अर्धा करून घरच्या कुणाबरोबर.

प्रश्न : वय २९. बायपासला चार महिने झाले, केस मूठमूठ गळतायत. शिवाय सासरी बाळाचा विषय सुरू झालाय. (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात. ऑपरेशन आणि झपाट्यानं उतरलेलं वजन यांच्या धक्क्यानं एकाच वेळी पुष्कळ केस विश्रांतीत जातात आणि नंतर गळतात. मुळं जिवंत असतात, केस परत येतात. प्रथिनं, लोह, बी१२ आणि झिंक तपासून पूर्ण करा; बायोटिनच्या महागड्या गोळ्यांनी, कमतरता नसेल तर, फरक पडत नाही. लोह आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घेऊ नका, मध्ये दोन तास ठेवा.

बाळासाठी बारा ते अठरा महिने थांबा. वजन वेगानं उतरत असताना पोटातल्या बाळाला पोषण कमी पडतं. हे घरात तुमच्या डॉक्टरांकडूनच सांगून घ्या, म्हणजे बोलणं तुमच्यावर येणार नाही. वजन उतरलं की पाळी नियमित होते आणि दिवस राहण्याची शक्यता वाढते, म्हणून आत्ता गर्भनिरोधक साधन लागेलच. बायपासनंतर तोंडी गोळ्यांवर विसंबू नका. तांबी किंवा दुसरा उपाय स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा. पुढे गरोदरपणात साखरेचं पाणी पाजून तपासणी करायची वेळ आली तर बायपास झाल्याचं आधी सांगा. तेवढ्या गोडानं चक्कर, घाम, धडधड होऊ शकते. त्यासाठी दुसऱ्या पद्धती आहेत.

प्रश्न : नवऱ्याचा बायपास दीड वर्षापूर्वी झाला. आधी कधीतरी घ्यायचे, आता आठवड्यातून तीनदा बसतात. ‘खात नाही, निदान एवढं तरी’ म्हणतात. (ठाणे)

उत्तर : हे गंभीर आहे आणि तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. बायपासनंतर दारू जठरात थांबत नाही, लगेच आतड्यात उतरते. रक्तातलं प्रमाण लवकर आणि जास्त वर चढतं. पूर्वी दोन पेग पचवणारा माणूस एका पेगवर गाडी चालवण्याच्या लायकीचा राहत नाही. अमेरिकेत २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत दारूचा त्रास ऑपरेशननंतर दुसऱ्या वर्षी वाढलेला दिसला. जेवणातला आनंद गेला की मन दुसरीकडे तो शोधतं, आणि त्यात शरीरही दारूला जास्त सोपं झालेलं असतं. त्यांना दोष देऊन उपयोग नाही, पण ‘एवढं तरी’ मान्यही करू नका. सर्जनच्या पुढच्या भेटीला बरोबर जा आणि त्यांच्यासमोर हे बोला. मानसोपचारतज्ज्ञांची वेळ त्याच दिवशी घ्या. तोपर्यंत गाडीची किल्ली तुमच्याकडे.

प्रश्न : वय ४१. स्लीव्हला चार वर्षं झाली. ३६ किलो उतरले होते, त्यातले १८ परत आले. घरच्यांनी एवढा पैसा घातला. डॉक्टरांकडे जायची लाज वाटते, दोन वर्षं गेलेच नाही. ती नवी इंजेक्शनं मागवून घेऊ का? (मडगाव)

उत्तर : वजन वाढलं की तपासणी बंद, हे मी इतक्या वेळा पाहते की मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. ज्या दिवशी गरज सगळ्यात जास्त, त्याच दिवशी माणूस दार बंद करून घेतो. ताई, लठ्ठपणा हा जुनाट आजार आहे. मधुमेहाची साखर वाढली तर आपण डॉक्टर बदलतो, डोस बदलतो. तोंड लपवत नाही.

स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या अभ्यासात ऑपरेशन केलेल्या लोकांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं गेलं. बायपासवाल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के उतरलं आणि दहा वर्षांनी ही घट २५ टक्क्यांवर आली. म्हणजे थोडं परत येणं हा जवळपास सगळ्यांचाच अनुभव आहे. तरीही ऑपरेशन न केलेल्यांपेक्षा त्या गटात मृत्यूचं प्रमाण कमी राहिलं. तुमच्या उतरलेल्या किलोंपैकी अर्धे परत आले, हे सरासरीपेक्षा जास्त आहे, म्हणून कारण शोधायला हवं. थायरॉईड, स्टेरॉइड, इन्शुलिन, मानसिक आजारांवरची काही औषधं, रुंदावलेली नळी, झोप, नैराश्य, दिवसभराचं तोंड चाळवणं. यातलं काय आहे हे घरी बसून कळणार नाही.

सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपेटाइड ही इंजेक्शनं वजनासाठी म्हणून २०२५ पासून भारतात मिळू लागली आहेत, आणि ऑपरेशननंतर वजन परत आलेल्यांनाही डॉक्टर ती देतात. उपयोग होतो. पण ती भूक मारतात, आणि आधीच कमी जेवणाऱ्या माणसाची भूक मारली की प्रथिनं आणि जीवनसत्त्वं आणखी खाली जातात; मळमळ-उलट्या होतात; बंद केल्यावर वजन परत येतं. परस्पर मागवू नका. आधी बी१२, लोह, ड जीवनसत्त्व आणि थायरॉईड तपासून घ्या.

काही महिन्यांपासून कशातच रस वाटत नसेल, झोप उडाली असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. त्यावर वेगळे उपचार आहेत. फोन करायला जीभ रेटत नसेल तर घरातल्या कुणाला वेळ घ्यायला सांगा. आधीच्या ठिकाणी जायचंच नसेल तर दुसऱ्या बॅरिएट्रिक (वजन कमी करण्याचं ऑपरेशन करणाऱ्या) सर्जनकडे जा, पण जुनं डिस्चार्ज कार्ड बरोबर ठेवा. नेमकं कोणतं ऑपरेशन झालं ते त्यावर लिहिलेलं असतं आणि नव्या डॉक्टरांना पहिल्यांदा तेच बघायचं असतं.