१५ ग्रॅमवर टॅबलेट ठरवू नका, तुम्ही तो धरता कसा ते बघा

तुम्ही विचारलंय की दहाव्या पिढीचा आयपॅड ४७७ ग्रॅमचा आहे आणि एम-टू चिपवाला ११ इंची आयपॅड एअर ४६२ चा, रोज रात्री आडवं पडून पीडीएफ वाचायच्यात, तर हलका म्हणून एअरला जास्तीचे पैसे घालावेत का. निव्वळ वजनासाठी म्हणत असाल तर अजिबात घालू नका.

हिशोबच करून बघा ना. तुम्ही टेम्पर्ड ग्लास लावणारच. साधारण २४ बाय १७ सेंटीमीटर, जाडी ०.३३ मिलीमीटर, आणि काचेचं वजन घन सेंटीमीटरला अडीच ग्रॅमच्या आसपास, म्हणजे नुसती ती काचच तीस-पस्तीस ग्रॅमची झाली, तुमच्या १५ ग्रॅमच्या दुप्पट. एअरला पेन्सिल प्रो, म्हणजे ॲपलचं स्क्रीनवर लिहायचं पेन, चिकटवली की १९ ग्रॅम वाढले, संपला फरक. आणि फ्लिप कव्हर तर दीडदोनशे ग्रॅमचं सहज असतं, त्यामुळे वजनाची एवढी काळजी असेल तर आधी कव्हर हलकं घ्या, तिथे खरी बचत आहे.

मग वजन कधीच बघू नये का, तर बघावं, पण फरक दणदणीत असेल तेव्हा. २०१० चा पहिला आयपॅड ६८० ग्रॅमचा होता. चौथ्या पिढीचा ६५२ चा आणि त्यानंतर २०१३ ला पहिला एअर आला तो थेट ४६९ वर, हा फरक हातात घेताक्षणी कळायचा. उलट २०२३ चा सॅमसंग गॅलक्सी टॅब एस-नाइन अल्ट्रा ७३२ ग्रॅमचा आहे, पहिल्या आयपॅडपेक्षा जड! स्क्रीन अफलातून आहे त्याची, पण तो टेबलावर, स्टँडवर ठेवून वापरायचा, छातीवर धरून वाचायचा नाही.

आता मुद्द्याचं. मनगट दुखतं ते नुसत्या ग्रॅमने नाही, वजन हातापासून किती लांब आहे त्याने. ११ इंची एअर उभा धरून एका कडेला पकडला तर त्याचा मध्य बोटांपासून जवळपास ९ सेंटीमीटरवर येतो, आडवा धरला तर १२ च्या वर, म्हणजे तोच टॅब नुसता फिरवला की मनगटावरचा ताण सव्वापटीपेक्षा जास्त होतो. आयपॅड मिनी २९३ ग्रॅमचा आणि रुंदी साडेतेरा सेंटीमीटर, मध्य पावणेसातवर. वजन एअरच्या दोनतृतीयांशाहून थोडं कमी, पण एका हाताने कडेला धरल्यावर मनगटावर येणारा ताण निम्म्याहून कमी! आडवं पडून वाचणाऱ्याला हा फरक खरंच जाणवतो, १५ ग्रॅमचा नाही जाणवणार.

पण तुमच्या पीडीएफ ए-फोरच्या स्कॅन केलेल्या असतील तर मिनीवर अक्षरं बारीक दिसतात, सारखं झूम करत बसावं लागतं, आणि जोडाक्षरांचा तर पार चिखल होतो. तेव्हा ११ इंचीच घ्या आणि तो पोटावर उशी ठेवून त्यावर टेकवा. ईपब, म्हणजे अक्षर हवं तसं मोठं करता येणारी ई-पुस्तकं, असतील, तर माझं मत सरळ मिनीला.

एअर घ्यायचाच असेल तर स्क्रीनसाठी घ्या. त्याची लॅमिनेटेड आहे, म्हणजे काच आणि डिस्प्ले मध्ये फट न ठेवता चिकटवलेले, वर चकाकी कमी करणारं अँटीरिफ्लेक्टिव कोटिंग आहे, दहाव्या पिढीच्या आयपॅडला दोन्ही नाही, आणि डोक्यावर ट्यूबलाइट असताना वाचायचं म्हटलं की ते कोटिंग कामाला येतं, त्याला पैसे मोजणं मला पटतं.

दुकानात बघायला जाल तेव्हा एक सांभाळा, डिस्प्लेच्या पीसला मागे सेन्सर आणि वायर चिकटवलेली असते, ती ओढ धरते आणि वजनाचा अंदाज चुकतो. सेल्समनला सुटा पीस मागा आणि उभ्या उभ्या दोन मिनिटं हातात घेऊन परत देऊ नका, खुर्चीत बसून एका हाताने, जसं घरी धरता तसंच, दहा मिनिटं काहीतरी वाचा. करंगळी आणि अंगठ्याचं बूड कुठे दुखायला लागतं ते तेवढ्यात कळतं.