कोष्टकावरून संयुक्त आणि सशर्त संभाव्यता काढताना छेदात कोणती संख्या घ्यावी?

कोष्टक समोर असूनही संयुक्त (दोन्ही गोष्टी एकत्र असण्याची) आणि सशर्त (एक गोष्ट आहे असे धरून दुसरी असण्याची) संभाव्यता काढताना अनेकांची गल्लत होते. ती होणारच, कारण दोन्हींच्या अंशात चौकटीतला तोच आकडा येतो आणि सगळा फरक छेदात असतो. मी स्वतः प्रत्येक प्रश्न आधी 'पैकी' हा शब्द घालून पुन्हा लिहितो. 'पैकी'च्या आधी जो गट येतो, त्याची बेरीज म्हणजे छेद.

१५ एप्रिल १९१२ रोजी बुडालेल्या टायटॅनिकचे, संख्याशास्त्राच्या वर्गात हमखास भेटणारे कोष्टक घेऊ. त्यात एकूण २२०१ माणसे आहेत. पहिल्या वर्गातील ३२५ जणांपैकी २०३ वाचले, दुसऱ्या वर्गातील २८५ पैकी ११८, तिसऱ्या वर्गातील ७०६ पैकी १७८ आणि ८८५ कर्मचाऱ्यांपैकी २१२, म्हणजे एकूण ७११ जण वाचले.

आता २०३ ही एकच चौकट पाहा. सर्वांपैकी किती जण पहिल्या वर्गातलेही होते आणि वाचलेही, असे विचारले तर २०३ ÷ २२०१, म्हणजे सुमारे ०.०९२, ही संयुक्त संभाव्यता झाली. पहिल्या वर्गातल्यांपैकी किती वाचले, तर २०३ ÷ ३२५, म्हणजे ०.६२५. वाचलेल्यांपैकी किती पहिल्या वर्गातले, तर २०३ ÷ ७११, म्हणजे ०.२८६. शेवटच्या दोन्ही संभाव्यता सशर्तच आहेत, पण अट बदलली की उत्तर निम्म्याहूनही खाली येते. पाठ्यपुस्तकात 'व्यक्ती वाचली आहे हे दिलेले असता' अशी जड वाक्यरचना असते. तिथे 'दिलेले असता' म्हणजे आपले 'पैकी'च.

वर्ग आणि बचाव या घटना स्वतंत्र, म्हणजे एकमेकींवर परिणाम न करणाऱ्या, मानून (३२५ ÷ २२०१) × (७११ ÷ २२०१) असा गुणाकार मात्र करू नये. त्याचे उत्तर सुमारे ०.०४८ येते, प्रत्यक्ष संयुक्त संभाव्यता त्याच्या जवळजवळ दुप्पट आहे. गुणाकारच करायचा असेल तर (३२५ ÷ २२०१) × (२०३ ÷ ३२५) असा करावा. ३२५ कटून जातात आणि आपण पुन्हा २०३ ÷ २२०१ वर येतो.

अट उलटी धरली तर काय होते, हे कर्मचाऱ्यांच्या ओळीत सर्वांत ठळक दिसते. वाचलेल्यांपैकी जवळजवळ ३० टक्के कर्मचारी होते आणि हा वाटा चारही गटांत सर्वांत मोठा आहे. पण कर्मचाऱ्यांपैकी वाचले २४ टक्केच, तिसऱ्या वर्गाच्या २५ टक्क्यांहूनही कमी.