ओरखडे, पट्टे आणि रुतलेला गोटा

काल राजवाड्याजवळ चहा घेताना तू विचारलंस, हिमनदीचा बर्फ वितळून गेला, मग तिथे तळं होतं हे कळतं कसं? गाळावरूनच.

हिमनदीने आणलेल्या गाळात चिकणमातीपासून मोठ्या धोंड्यांपर्यंत सगळं एकत्र असतं. वाहतं पाणी निवडून टाकतं, बर्फ निवडत नाही. गोट्यांच्या घासलेल्या बाजू आणि समांतर ओरखडे शोध. त्यावर पट्टेदार चिकणमाती आली की समज, बर्फ मागे हटला आणि समोर तळं साचलं. उन्हाळ्यात फिकट रेवाळ थर, हिवाळ्यात तळं गोठल्यावर संथ पाण्यात खाली बसलेली गडद चिकणमाती. एक जोडी म्हणजे एक वर्ष! स्वीडनच्या गेरार्ड दे गेअर यांनी अशा जोड्या मोजत हिमचादर कशी मागे सरकली याचा वर्षवार हिशेब १९१२ साली मांडला. मला अजूनही हे विलक्षण वाटतं. बारीक थरांत मधेच गोटा रुतलेला, खालचे थर वाकलेले दिसले, तर तो बहुधा तरंगत्या हिमखंडातून पडलेला.

इंदूरात पायाखाली बसाल्टच, म्हणजे थिजलेल्या लाव्हाचा खडक, म्हणून हिरमुसू नकोस. सातपुड्यात सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीच्या हिमनद्यांच्या गाळाचे थर आहेत, त्यांना तालचेर थर म्हणतात: हिरवट शेल (चिकणमातीचा पापुद्रेदार खडक) आणि गोटे. चंद्रपूरकडे इरईजवळ तर बर्फाने घासलेला खडक सापडला आहे.

एक सांभाळ. दरड कोसळूनही असाच सरमिसळ गाळ होतो. दोन-तीन पुरावे जुळेपर्यंत बर्फाचं नाव घेऊ नकोस. हातोडा मारण्याआधी थरांचा क्रम खालून वर वहीत उतरव आणि शनिवारी ती वही घेऊन ये.