आठवत नाही ते खणून काढावं का?

ताई, तुम्ही लिहिलंय की तिसरी-चौथीतलं जवळजवळ काहीच आठवत नाही. घरात आवाज चढले की कानात दडे बसल्यासारखं होतं आणि आपण स्वतःकडेच लांबून बघतोय असं वाटतं. आता एक गृहस्थ संमोहनाच्या चार बैठकांत ‘दबलेली आठवण’ बाहेर काढून देतो म्हणतायत, तर जावं का? माझं उत्तर: जाऊ नका.

मी डॉक्टर नाही, या वाटेवरचा जुना पेशंट आहे. 2009 साली कशेडी घाटात आमची गाडी उलटली. टीव्हीचा आवाज बंद करावा तसे सगळे आवाज गेले. समोर एक हात काचा बाजूला करत होता, मनगटावर घड्याळ होतं, आणि ‘हा कोणाचा हात?’ असा प्रश्न मला अगदी शांतपणे पडला. हात माझाच होता. पुढे कित्येक महिने भाजी चिरतानासुद्धा अधूनमधून तसंच व्हायचं. याला डिसोसिएशन म्हणतात हे फार उशिरा कळलं. त्याआधी एका मावशीने ‘बाहेरचं काहीतरी’ म्हणून नारळ उतरवून टाकला होता, तो भाग सोडा.

हे काही नवं खूळ नाही. पिएर जाने या फ्रेंच अभ्यासकाने 1889 मध्येच लिहून ठेवलं होतं की न पेलणारा अनुभव मनाच्या मुख्य प्रवाहापासून तुटून वेगळा राहू शकतो. मग फ्रॉइडच्या गाजावाजात तो मागे पडला. अलीकडे रूथ लेनियस यांच्यासारख्या संशोधकांनी पीटीएसडीच्या, म्हणजे मोठ्या धक्क्यानंतर मागे राहणाऱ्या मानसिक त्रासाच्या, पेशंटना त्यांचाच प्रसंग ऐकवून मेंदूचे स्कॅन घेतले. बऱ्याच जणांची छाती धडधडू लागली, पण काहींचे ठोके वाढलेच नाहीत. त्यांच्या मेंदूचा आवर घालणारा पुढचा भाग उलट जास्तच काम करत होता. म्हणजे बधिर होणं हाही घाबरण्याचाच एक प्रकार. 2013 च्या डीएसएम-5 मध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या आजारांच्या यादीत, हा पीटीएसडीचा उपप्रकार म्हणून नोंदवला गेला. तेव्हा तुमचं ‘लांबून बघणं’ खरं आहे, ते नाटक नाही.

पण आठवणीचा मामला वेगळा आहे, आणि इथेच लोक फसतात.

माझीच गोष्ट सांगतो. गाडी उलटली तेव्हा आईने दिलेला डबा उघडून पोहे सीटभर सांडले, हे मला लख्ख दिसतं. पिवळे पोहे, त्यावर काचेचा चुरा. चार वर्षांनी बहीण सहज म्हणाली, “डबा तर तू ओट्यावरच विसरला होतास, संध्याकाळी आम्ही फेकून दिले ते पोहे.” आईही तेच म्हणाली. पोहे मला अजूनही दिसतात.

1986 मध्ये अमेरिकेचं चॅलेंजर अंतराळयान फुटलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी उल्रिक नाइसर या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांकडून ‘बातमी कुठे, कशी कळली’ ते लिहून घेतलं. अडीचेक वर्षांनी पुन्हा विचारलं, तर अनेकांची हकिगत पार बदललेली. स्वतःच्या अक्षरातला जुना कागद दाखवला तरी काही जण आत्ताचंच खरं म्हणत राहिले. आठवण कपाटातल्या फायलीसारखी नसते. 2000 साली करीम नादेर या संशोधकाने उंदरांवर दाखवलं की भीतीची आठवण जागी झाली की ती काही काळ पुन्हा कच्ची होते आणि नव्याने पक्की व्हावी लागते. त्या कच्च्या वेळात समोरचा “नीट बघा, खोलीत अजून कोण आहे?” असं विचारत बसला तर काय होईल, विचार करा. संमोहनाने आठवणीचा खरेपणा फारसा वाढत नाही, खात्री मात्र वाढते. अमेरिकेत ऐंशी-नव्वदच्या दशकांत अशा ‘सापडलेल्या’ आठवणींवरून घरंच्या घरं कोर्टात गेली.

म्हणून विसरलेलं सगळं खोटं, असंही नाही हं. लिंडा विल्यम्स यांनी 1994 मध्ये अशा 129 स्त्रियांचा अभ्यास मांडला, ज्यांच्यावर बालपणी झालेल्या अत्याचाराची दवाखान्यात तेव्हाच नोंद झाली होती. 38 टक्के स्त्रियांनी त्या घटनेचा उल्लेखच केला नाही. त्यातल्या किती विसरल्या आणि किती जणींना सांगायचं नव्हतं, यावर वाद आहे. पण उलट बाजूने, ‘आठवत नाही म्हणजे काहीतरी झालंच असणार’ हा हिशेबही चुकीचा. तिसरीतलं कितीजणांना धड आठवतं?

उपचाराला ती आठवण लागतच नाही, हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर दोन वर्षं वाचली असती. माझ्या थेरपिस्ट बाईंनी पहिले कित्येक महिने घाटाचं नावही काढलं नाही. झोप, श्वास, आणि मन सरकायला लागलं की परत कसं यायचं, एवढंच. मी अजूनही नळाखाली मनगट धरतो आणि डब्यांवरची लेबलं मोठ्याने वाचतो: हळद, धने, मोहरी.

मानसोपचारतज्ज्ञाकडे जा, आणि कान बंद होतात म्हणताय तर कानाची आणि फिटची तपासणीही करून घ्या. जवळ कोणी नसेल तर टेली-मानसचा 14416 हा सरकारी नंबर आहे, मराठीतही बोलता येतं. थेरपिस्टला पहिल्याच भेटीत विचारा, “मला काही आठवलंच नाही तर तुम्ही काय कराल?” उत्तर देताना गडबडले तर दुसरा शोधा. आणि काही आपसूक आठवलं तर वहीत तारीख टाकून लिहा, पण ‘आठवलं’ आणि ‘असं असावं’ ही दोन पानं वेगळी ठेवा.