फॉरमॅट मारण्याआधी

पावसाळा लागला की लाइन जाते-येते आणि बंद पडलेल्या कम्प्युटरचे प्रश्न वाढतात. त्यातले काही इथे घेतले आहेत.

प्रश्न : दारव्हा तालुक्यात माझं आपले सरकार सेवा केंद्र आहे. विंडोज ११ चं अपडेट चालू असतानाच लाइन गेली. तेव्हापासून निळ्या पडद्यावर 'ऑटोमॅटिक रिपेअर' येतं आणि दुरुस्ती झाली नाही असं सांगून थांबतं. दुकानवाला म्हणतो, फॉरमॅट मारावं लागेल. लोकांचे स्कॅन केलेले कागद डेस्कटॉपवरच आहेत. काय करू?

भाऊ, फॉरमॅटला आज तरी नाही म्हणा. तुमचे कागद बहुधा जागच्या जागी आहेत. अपडेट होताना विंडोज आपल्याच सिस्टम फाइली बदलत असतं. मधेच वीज गेली की काही फाइली नव्या, काही जुन्या आणि एखादी अर्धवट लिहिलेली राहते. फाइल डिस्कवर कुठे आहे याची नोंद एनटीएफएस (विंडोजची डिस्कवर फाइली मांडून ठेवायची पद्धत) सांभाळतं, पण त्या क्षणी फाइलच्या आत जे लिहिलं जात होतं ते वाचेलच असं नाही. बिघाड झाला तो तिथे. डेस्कटॉप मात्र सी ड्राइव्हमधलाच एक फोल्डर आहे, म्हणून सी फॉरमॅट केला की तोही गेला.

आधी कागद बाहेर काढा. निळ्या पडद्यावर 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स', मग 'ट्रबलशूट', पुन्हा 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' आणि 'कमांड प्रॉम्प्ट'. काळ्या खिडकीत इंग्रजीत नोटपॅड टाइप करून एंटर दाबा. नोटपॅडमध्ये फाइल, ओपन करा आणि खाली 'ऑल फाइल्स' निवडा. आता त्याच छोट्या खिडकीतून सगळे ड्राइव्ह उघडता येतात. यूजर्समध्ये तुमच्या नावाच्या फोल्डरात डेस्कटॉप सापडेल. राइट क्लिक करून कॉपी, पेनड्राइव्हवर जाऊन पेस्ट. किती कॉपी झालं ते दिसत नाही, खिडकी अडकल्यासारखी वाटते. घाई न करता थांबा. कृतिदेवमध्ये टाइप केलेले जुने अर्ज असतील तर विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरातून तो फॉन्टही घ्या, नाहीतर पुढे तेच अर्ज अगम्य इंग्रजी अक्षरांत दिसतील. डिजिटल सहीची काळजी नको, ती यूएसबी टोकनमध्ये असते.

मग दुरुस्ती. अपडेट अर्धवट राहिलंय, तेव्हा त्याच 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधलं 'अनइन्स्टॉल अपडेट्स' आधी वापरा आणि शेवटचं क्वालिटी अपडेट काढा. अनेकदा एवढ्यावर काम होतं. नाही झालं तर कमांड प्रॉम्प्टमध्ये एसएफसी चालवा. ते प्रत्येक सिस्टम फाइल तपासतं आणि खराब फाइलीच्या जागी विंडोजने जपून ठेवलेली चांगली प्रत बसवतं. विंडोज सुरू न करता असं बाहेरून चालवताना कमांड लांब होते: एसएफसी, जागा, स्लॅश स्कॅननाऊ, जागा, स्लॅश ऑफबूटडिर, बरोबरचं चिन्ह, सी कोलन बॅकस्लॅश, जागा, स्लॅश ऑफविनडिर, बरोबरचं चिन्ह, सी कोलन बॅकस्लॅश विंडोज. या वातावरणात तुमचा सी कधी कधी डी म्हणून दिसतो. विंडोज फोल्डर कुठल्या अक्षराखाली आहे ते नोटपॅडमध्येच बघून घ्या आणि तेच अक्षर लिहा.

हेही हरलं तर 'रीसेट धिस पीसी'मधला 'कीप माय फाइल्स' हा पर्याय आहे. फाइली राहतात, पण प्रोग्राम जातात. प्रिंटर, स्कॅनर आणि अंगठ्याच्या मशीनची आरडी सर्व्हिस (ते मशीन आधारसाठी चालवणारं सॉफ्टवेअर) पुन्हा टाकावी लागेल.

प्रश्न : आर्वीजवळ आमचं कृषी केंद्र आहे. कम्प्युटर चालू केला की काळ्या पडद्यावर बीसीडीची फाइल नाही किंवा खराब आहे असं येतं. टॅलीचा सगळा हिशेब त्यातच आहे.

बीसीडी ही छोटीशी फाइल आहे. विंडोज कुठल्या ड्राइव्हवर आहे आणि तिथून ते कसं उचलायचं, एवढं तिच्यात लिहिलेलं असतं. तिच्या बिघाडाने टॅलीच्या डेटाला धक्का लागत नाही. ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह घ्या आणि दुसऱ्या चालू कम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल उतरवून तो तयार करा. त्यावरून मशीन सुरू करून 'रिपेअर युअर कम्प्युटर' निवडा. 'इन्स्टॉल'वर चुकूनही जाऊ नका. वर सांगितलेल्या नोटपॅडच्या वाटेने टॅलीचा डेटा फोल्डर दुसऱ्या पेनड्राइव्हवर घ्या. मग बीसीडीबूट, जागा, सी कोलन बॅकस्लॅश विंडोज ही कमांड द्या. ती ही फाइल नव्याने तयार करते. व्हिडिओंमध्ये दाखवतात ती बूटरेक फिक्सबूट ही कमांड नव्या मशीनवर पुष्कळदा 'अ‍ॅक्सेस इज डिनाइड' म्हणते. तसं झालं म्हणून डिस्क गेली असं समजू नका.

प्रश्न : धानोरा तालुक्यात मी शिक्षिका आहे. जूनच्या शेवटी शाळा उघडली तर कम्प्युटर तारीख चुकीची दाखवतो आणि विंडोजऐवजी निळा पडदा येतो.

मॅडम, तुमची कुठलीच फाइल खराब नसावी. मदरबोर्डवर सीआर २०३२ नावाचा ३ व्होल्टचा गोल सेल असतो. सुट्टीभर वीज बंद राहिली आणि सेल जुना असला की बायोसमधल्या, म्हणजे विंडोजच्या आधी मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्राममधल्या, सेटिंग पुसून मूळ जागी जातात. डिस्क एएचसीआय पद्धतीने चालायची ती आयडीई झाली, किंवा मशीन सुरू व्हायची पद्धत यूईएफआयची लेगसी झाली, की विंडोजला स्वतःची डिस्कच सापडत नाही. घड्याळवाल्याकडे सेल मिळतो. वीज काढून तो बदला, बायोसमध्ये तारीख लावा आणि डिस्कची सेटिंग पूर्वीसारखी करा. नवीन विंडोज टाकायची गरज नाही.

प्रश्न : लॅपटॉप ४८ आकडी की मागतो. (विद्यार्थी, पुसद)

ही बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला लावलेल्या विंडोजच्या कुलपाची, रिकव्हरी की आहे. लॅपटॉप पहिल्यांदा सुरू करताना जे मायक्रोसॉफ्ट खातं वापरलं, त्यात मोबाइलवरून लॉगिन करा. डिव्हाइसच्या नावाखाली की मिळेल. की नसेल तर डेटा कोणीही उघडू शकत नाही, त्यासाठी कोणाला पैसे देऊ नका.

प्रश्न : एक डीएलएल फाइल (प्रोग्राम चालायला लागणारी मदतीची फाइल) नाही म्हणतो. नेटवरून उतरवून टाकू का?

नको. अशा साइटवरची फाइल कुठून आली, तिच्यात काय मिसळलंय, कळायला मार्ग नसतो. सिस्टम फाइल विंडोजच्याच साठ्यातून घ्या, म्हणजे एसएफसीने. एखाद्या प्रोग्रामची असेल तर तो प्रोग्राम पुन्हा टाका.

प्रश्न : चंद्रपूर जिल्ह्यात मूल इथे माझं झेरॉक्सचं दुकान आहे. विंडोज टाकून दिलं की महिनाभर चालतं, पुन्हा फाइल करप्ट. तीनदा झालं.

तीनदा झालं म्हणजे रोग विंडोजमध्ये नाही. आधी हार्ड डिस्क बघा. क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकटचं सॉफ्टवेअर डिस्कची तब्येत सांगतं. 'कॉशन' किंवा 'बॅड' आलं, किंवा आतून टकटक आवाज येत असेल, तर त्याच दिवशी डेटा काढा. अशा डिस्कवर चेकडिस्क स्लॅश आर ही डिस्क तपासायची कमांड चालवू नका. ते एकूण एक जागा वाचतं आणि मरणाला टेकलेली डिस्क त्यातच जाते. नवीन एसएसडी टाका.

डिस्क चांगली निघाली तर यूपीएसकडे या. साध्या ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी असते आणि तापमान दहा अंशांनी वाढलं की तिचं आयुष्य साधारण निम्मं होतं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या दुकानात ती किती टिकेल? कामं सेव्ह करा, यूपीएसची पिन भिंतीच्या बोर्डातून काढा आणि बघा. कम्प्युटर लगेच बंद पडला तर बॅटरी बदला. लेझर प्रिंटर आणि झेरॉक्स मशीन त्या यूपीएसवर असेल तर आधी काढा. त्यांचा गरम होणारा भाग एकदम इतकी वीज ओढतो की लहान यूपीएस तिथेच बसतो. अपडेट दुकान बंद करायच्या वेळी लावून निघून जाऊ नका, समोर बसून होऊ द्या.